आरतीचा सर्वसंमत वेग

झाशीच्या मराठी हितवर्धक समाजात गणपतीच्या आरतीला पेटी कोणी वाजवायची, हा प्रश्न कधी उद्भवला नव्हता. म्हणून कार्यकारिणीने तो विषयपत्रिकेवर घेतला.

पेटी कमलिनीकाकू वाजवत. लग्न होऊन या गावात आल्यापासून त्यांची ओळख तीच. समाजात दोन पक्ष. एक जुन्या घराण्यांचा; यांचे पूर्वज पेशवाईत इकडे आले आणि हे आरती अजून त्याच वेगाने म्हणतात. दुसरा कारखान्याच्या कॉलनीतला. यांची इथे बदली झाली आहे आणि यांना आरती उरकून घरी जायचं असतं. काकू पहिल्या कडव्याला घराण्यांसोबत चालत, शेवटच्याला कॉलनीसोबत धावत, आणि मध्ये अध्यक्ष नानासाहेबांचा दम अडेल तिथे सूर धरून थांबत. प्रत्येकाला वाटे, आरती आपल्याच चालीने चालली आहे. हा कारभार कोणत्याही नियमात बसत नाही, हे कॉलनीतले नवे सचिव आदित्य यांच्या लक्षात आलं.

“काकू, तुमच्यानंतर काय?” त्यांनी बैठकीत आदरपूर्वक विचारलं.

“माझ्यानंतर प्रसाद,” काकू म्हणाल्या.

काकूंची पेटी संगणकात सुरक्षित करण्याचा ठराव झाला. सीपरी बाजारात रोहितचा स्टुडिओ होता; लग्नातल्या डीजेंना तो ट्रॅक करून देई. मुलगा जुन्या घराण्यातला, म्हणजे मराठी समजायची, बोलताना हिंदी निघायची.

“काकू, ये मिडी है. यात आवाज नसतो. कोणती पट्टी दाबली, कब दाबली, किती जोरात दाबली, बस, तेवढंच कंप्युटर लिहून घेतो.”

“म्हणजे चहाडी.”

“हां जी, वही.”

काकूंनी वाजवायला घेतलं. स्टुडिओतल्या कीबोर्डला भाता नव्हता, त्यामुळे डावा हात हवेतच भाता मारत राहिला. पडद्यावर छोट्या हिरव्या पट्ट्या उमटल्या. तालाच्या उभ्या रेषांवर त्यातली एकही नव्हती.

“काकू, तुम्ही हर जगह लेट आहात.”

“लेट नाही रे. नानासाहेब तिथे श्वास घेतात.”

“श्वास घटनेत नाही,” सोबत आलेले आदित्य म्हणाले. रोहितने एक बटण दाबलं आणि सगळे सूर शिस्तीत रेषांवर जाऊन उभे राहिले.

“आणि या पट्ट्या गडद का?” आदित्य यांनी विचारलं.

“पोरांना शब्द आठवत नाहीत तिथे मी जोरात दाबते. त्यांची लाज राहते.”

समाजात उच्चनीच नको, म्हणून सर्व सुरांचा जोर समान करण्यात आला. उरला वेग. घराण्यांनी मिनिटाला सत्तर ठोक्यांचा मागितला, कॉलनीने एकशे दहाचा. दीर्घ चर्चेअंती नव्वद हा वेग एकमताने मंजूर झाला. त्या वेगाने आरती म्हणणारा झाशीत कोणीही नव्हता, त्यामुळे कोणावरच अन्याय झाला नाही.

पहिल्याच संध्याकाळी नानासाहेब एक ओळ मागे राहिले, कॉलनी एक ओळ पुढे गेली, आणि ट्रॅक मधून एकटाच गेला. तातडीच्या बैठकीत कारणमीमांसा झाली. ट्रॅक अचूक होता. सबब, दोष माणसांत होता.

रोहितने ट्रॅकमध्येच कोरस घातला. त्यात शब्द नव्हते, नुसता ‘आ’. पोरांना तो तोंडपाठ येऊ लागला. मग टाळ्या घातल्या, कारण खऱ्या टाळ्या रेषेवर पडत नव्हत्या. घंटाही घातली. शेवटी मंडपात फलक लागला: ‘आरती सुरू आहे. कृपया आरती म्हणू नये.’

काकूंचा शाल-श्रीफळ देऊन ‘मूळ वादक’ म्हणून सत्कार झाला आणि लॅपटॉपचं लांबडं बटण दाबण्याचं काम सन्मानपूर्वक त्यांना देण्यात आलं. एकदा दाबलं की आरती सुरू, पुन्हा दाबलं की थांबते.

“एवढंच?”

“एवढंच, काकू. आता तुम्हाला काही त्रास नाही.”

विसर्जनाच्या आदल्या दिवशी मंडप भरला होता. काकूंनी बटण दाबलं. सर्व भाविक मोबाइल उंच धरून मुकाट उभे होते. नानासाहेबांचे मात्र ओठ हलत होते, आणि नेहमीच्या जागी त्यांचा दम अडला.

काकूंनी बटण दाबलं. आरती थांबली.

“हँग झालं! रोहित, बघ!” आदित्य ओरडले.

नानासाहेबांनी श्वास घेतला. काकूंनी मान हलवून त्यांना खूण केली. त्या शांततेत म्हातारा खणखणीत आवाजात पुढची ओळ म्हणू लागला, अगदी एकटा. काकूंचा डावा हात हवेत भाता मारू लागला होता. अजून एकाने साथ दिली असती, तरी आरती पुन्हा माणसांच्या हाती आली असती.

तेवढ्यात कोणीतरी “शू!” केलं. नानासाहेब चपापून थांबले. काकूंनी निमूट बटण दाबलं आणि आरती नव्वदच्या वेगाने पुढे निघाली.

“शू!” कोणी केलं, याची चौकशी कार्यकारिणीने केली नाही. तशी गरजही नव्हती. व्हिडिओ झकास आला आहे, साऱ्या नातेवाइकांनी अंगठे दिले आहेत, आणि त्यात तो आवाज सगळ्यांत जवळून ऐकू येतो. मोबाइल तुम्हीच धरला होता.