शौकतभाईंचा घुमट

फोन वाजला की शौकतभाई साखरकर उभे राहतात. जेवत असले तर खरकटा हात वर धरून उभे राहतात. दुबईत, अल कुसैसमधल्या आमच्या इमारतीखाली एक सलून आहे. तिथे एकदा अर्धी दाढी झालेली असताना ते वस्तऱ्याखालून उठले आणि फेसासकट बोलू लागले. केरळी न्हावी वस्तरा धरून शांतपणे थांबला. त्याला सवय होती.

बोलणं नेहमी एकाच वळणाचं.

“नाव सांगा. पूर्ण. आईचं नाव? बरं. काम काय? एकच सांगा, दुसरं पुढल्या वेळी. खलास. वर कळवतो.”

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ते आणखी तिघांबरोबर राहतात. सुरुवातीला मी समजत होतो की गृहस्थ एखाद्या टायपिंग सेंटरमध्ये व्हिसाची कामं करतात, आणि ‘वर’ म्हणजे मॅनेजर. मग एकदा लिफ्टमध्ये आम्ही दोघेच असताना फोन आला. पलीकडच्या बाईचा आवाज मोठा होता. तिच्या बागेतल्या हापूसला मोहोर येत नव्हता. शौकतभाईंनी तिच्या आईचं नाव विचारलं आणि आंब्याचं प्रकरण वर कळवण्याचं कबूल केलं.

तेव्हा मी विचारलं, आणि त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

शौकतभाई रिगर आहेत. क्रेननं जे उचलायचं ते साखळदंडांनी आणि पट्ट्यांनी बांधायचं, वर पोचेपर्यंत हलू द्यायचं नाही आणि जागेवर बसलं की सोडवायचं, हे त्यांचं काम. हल्ली ते शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या एका वर्कशॉपमध्ये असतात. पण दुबईत जागतिक प्रदर्शनाची तयारी चालू होती तेव्हा प्रदर्शनाच्या मधोमध उभा राहिलेला पोलादी घुमट बांधणाऱ्यांत ते होते. नक्षीसारख्या वाकवलेल्या नळ्या, त्यांच्यावर ताणलेलं पांढरं कापड. माथ्याचा भाग जमिनीवर जोडून अख्खा वर चढवला, तेव्हा शौकतभाई क्रेनला टांगलेल्या पाळण्यात उभे राहून बोल्ट आवळत होते.

हे काम मिळाल्याचं त्यांनी दुपारच्या सुट्टीत गावी फोन करून सांगितलं होतं. गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठावर. फोन थोरल्या बहिणीनं, हलीमाआपांनी घेतला.

“आपा, घुमटाचं काम मिळालं.”

“माशाल्ला! कुठल्या मशिदीचा?”

तेवढ्यात फोरमननं “यल्ला, यल्ला” करून कामाला हाकललं आणि फोन ठेवावा लागला. पुढच्या वेळी फोन केला तोवर उशीर झाला होता. गावात घुमट म्हणजे एक तर मशिदीचा, नाहीतर दर्ग्याचा. तिसरा घुमट कुणी पाहिलेला नव्हता. जुम्याच्या नमाजानंतर अख्ख्या जमातीनं शौकतसाठी दुआ मागितली होती.

“भाऊ, एकदा जमातीनं दुआ केली, ती परत कशी करायची?” शौकतभाईंनी मला विचारलं. “सामान असतं तर केलं असतं परत.”

मग फोन सुरू झाले. तू एवढ्या पवित्र जागी, एवढ्या उंचावर, आमच्यासाठी दोन शब्द टाक. कुणाच्या होडीचं इंजिन, कुणाचा दहावीला गणितात गटांगळ्या खाणारा पोरगा. शेजारच्या गुरवांनीही आपलं ॲसिडिटीचं सांगून ठेवलं. शौकतभाईंनी कुणाला नाही म्हटलं नाही, पण नियम केले. कुणाचं वाईट व्हावं असलं काम घेतलं जाणार नाही. एका फोनला एकच काम. व्हिसाचं सांगायचं नाही, “त्याला वेगळं ऑफिस हाय.”

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत सरपंचपदाच्या दोन्ही उमेदवारांनी गुपचूप फोन केला. शौकतभाईंनी दोघांचंही वर कळवलं. दोघांना सारखीच मतं पडली आणि निकाल चिठ्ठी काढून लावावा लागला. त्या दिवसापासून गावात त्यांच्या शब्दाला जे वजन आलं, ते आजतागायत उतरलेलं नाही.

काम संपलं, प्रदर्शन भरलं, प्रदर्शन संपलं. घुमट राहिला आणि फोनही राहिले. शौकतभाई सुट्टीच्या दिवशी मेट्रो बदलून तिथे जातात, घुमटाखाली उभे राहून आठवडाभराची कामं ओठातल्या ओठात सांगतात आणि परत येतात.

“तिथंच कशाला जायला पाहिजे? दुआ घरूनही होते की,” मी म्हटलं.

“होते. पण तिथून जवळ पडतं.”

हे असंच चाललं असतं. पण हिवाळ्यात हलीमाआपांचा व्हिजिट व्हिसा झाला.

चार पुरुषांच्या खोलीत बहिणीला कुठे ठेवणार, म्हणून शौकतभाई विचारायला आले आणि आपा आमच्याकडे उतरल्या. साठीच्या, सडसडीत, आवाज थेट खाडीपलीकडे जाईल असा. आल्याआल्या त्यांनी बॅग उघडली. सगळ्यात वर घडी घातलेली हिरवी चादर होती, सोनेरी झालर लावलेली.

“घुमटाला घालायची,” त्यांनी माझ्या बायकोला, वंदनाला सांगितलं. “मन्नत हाय माझी.”

त्यांच्या मुलीला, रुखसानाला, लग्नाला कितीतरी वर्षं होऊनही मूल नव्हतं. आपांनी भावाला सांगितलं होतं की वर काम करताना तिचं नाव घे; झालं मूल तर मी स्वतः येऊन घुमटाला चादर घालीन, मलिदा वाटीन. रुखसानाला मुलगी झाली. आता ती चालायला लागली होती, पण तिचा ताप काही हटत नव्हता. डॉक्टर म्हणत होते, दात येतायत. आपांचं म्हणणं वेगळं होतं. मन्नत मागून फेडली नाही तर ती पोराच्या अंगावर राहते.

शौकतभाई दारात उभे होते. त्यांचा चेहरा मी पाहिला. क्रेनवरून काहीतरी निसटताना पाहिल्यासारखा होता.

पुढचे दिवस त्यांनी बहिणीला घुमट सोडून सगळं दाखवलं. खाडी, सोन्याचा बाजार, मासळी बाजार. एका ओळखीच्या माणसाच्या गाडीतून फुजैरालाही नेऊन आणलं. तिथे आपांनी समुद्रात उभी असलेली तेलाची जहाजं पाहिली आणि “हे आपल्याकडं पण हाय, फक्त जहाज नाय,” असं मत दिलं. घुमटाचं विचारलं की शौकतभाईंकडे उत्तर तयार असे. आज बंद असतो. आज साफसफाई. आज कुणी शेख येणार आहेत.

“घुमट काय बँक हाय बंद असायला?” शेवटी आपा कडाडल्या. “मना तिथं ने, नाय तर मी एकटी जाते. टॅक्सीवाले सगळे आपल्यासारखंच बोलतात.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात चपात्या कुस्करून, गूळ-तूप घालून मलिदा केला. चालवायला मी होतो. शौकतभाई माझ्या शेजारी सीटबेल्ट दोन्ही हातांनी धरून बसले. मागे आपा, वंदना आणि आमची आठवीतली इरा.

“आजी, यू विल लव्ह द शो,” इरा म्हणाली. “लास्ट टाइम देअर वॉज अ व्हेल.”

“काय म्हणते ही?”

“छान आहे म्हणते,” शौकतभाई घाईघाईनं म्हणाले.

पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. घुमट आतून उजळला होता. आपांनी डोक्यावरून ओढणी घट्ट घेतली आणि चपला काढून हातात घेतल्या. आजूबाजूला लोक आइस्क्रीम खात होते. त्या मान मागे टाकून बघत राहिल्या, मागे सरकत सरकत बघत राहिल्या.

“एवढा?” त्या म्हणाल्या. “हा तू बांधलास?”

“मी आणि पुष्कळ लोक.”

“मजार कुठं हाय?”

तेवढ्यात संगीत सुरू झालं. ढोल वाजले, अख्खा घुमट निळा झाला आणि वरच्या कापडावरून एक प्रचंड जेलीफिश लहरत लहरत गेली. पोरं ओरडली. आपा तिच्याकडे बघत होत्या. काही वेळानं त्यांनी चपला खाली ठेवल्या आणि पायांत घातल्या.

“शौकत.”

“आपा, ही मशीद नाय. दर्गा पण नाय. लोकांनी बघायला यावं म्हणून बांधलाय.” एका दमात सांगून झालं. “तू विचारलंस तेव्हा फोन ठेवावा लागला. मग राहूनच गेलं.”

आपा बाकावर बसल्या. मलिद्याचा डबा मांडीवर होता. मी वंदनाला आणि इराला घेऊन जरा मागे झालो. पण आपांचा आवाज मागे होणारा नव्हता.

“म्हणजे माझी मन्नत पोचलीच नाय? आणि ती पोर तिकडं तापात.”

शौकतभाईंनी मान वर करून घुमटाकडे पाहिलं.

“मग तू वर जाऊन काय करत होतास?”

“नावं घेत होतो.”

“रुखसानाचं घेतलंस?”

“रोज.”

“मनात, की तोंडानं?”

“तोंडानं. मोठ्यांदी. वर वारा असतो, नाय तर आपलंच आपल्याला ऐकू येत नाय.”

“वजू करून?”

“सकाळीच हातपाय-तोंड धुऊन, वजू करूनच जायचो.” मग ते आपांच्या शेजारी टेकले. “आपा, मना वर भीती वाटायची. पट्टा बांधलेला असायचा, तरी खाली बघवायचं नाय. एवढी वर्षं हे काम करतो, कुणाला बोललो नाय. रिगरनं असं बोलायचं नसतं. मग तुम्हां लोकांची नावं घ्यायचो. गुरवांचं नाव घेतलं की गुरव दिसायचे, ओसरीवर पोट धरून बसलेले. मेहरूनचाचीचं घेतलं की ती कोंबड्यांच्या मागं. तेवढ्यात बोल्ट आवळून व्हायचा.”

“आणि खाली उतरल्यावर सांगायचं होतंस, मशीद नाय म्हणून.”

“सांगितलं असतं तर फोन कुणी केला असता? आधी पण यायचे. अत्तर पाठव, मोबाइल पाठव. घुमट निघाला तेव्हापासून लोक मना आपली दुखणी सांगायला लागले. दुखणं माणूस घरातल्यालाच सांगतो.”

वर जेलीफिश जाऊन पाऊस पडू लागला होता, प्रकाशाचा. आपांनी थोडा वेळ तो पाहिला.

“वजू करून, रोज, तोंडानं,” त्या म्हणाल्या, जणू समोरचा भाजीवाला वजन बरोबर करतोय की नाही हे तपासत होत्या. “मग पोचली. न पोचायला काय झालं?” आणि डबा उघडला. “चादर मी आपल्या गावच्या पिराला घालीन. मलिदा इथला.”

पहिला वाटा गणवेशातल्या नेपाळी गार्डला मिळाला. तो बाहेरचं खाणं चालत नाही हे सांगायलाच आला होता. आपांनी “तबर्रुक हाय, बेटा, हाथ आगे कर” म्हणत त्याच्या तळहातावर प्रसादाचा मलिदा ठेवला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि खाल्ला. मग एका फिलिपिनो जोडप्यानं घेतला, बाबागाडी ढकलणाऱ्या एका अरब बाईनं घेतला. इरानं तीनदा घेतला.

परतताना गाडीत आपांचा फोन वाजला. गावाहून मेहरूनचाची होत्या. शौकतभाईंची मान ताठ झाली.

“हो, बघितला,” आपा सांगत होत्या. “मान दुखली बघून. एवढा मोठा. हो, वाटला मलिदा, लोकांनी हात पुढं करून घेतला. कुठली मशीद? ते मना नाय ठाऊक, नाव अरबी हाय. फिटली माझी मन्नत. पोरीचा ताप? रुखसाना म्हणते, दात दिसायला लागलाय. तुझं काय? गुडघा? थांब, तो हाय इथंच.”

त्यांनी पुढे झुकून फोन भावाच्या खांद्यावर टेकवला.

“घे. आणि लगेच नाव-गाव विचारू नको तिला. जेवलीस काय, ते विचार आधी.”

शौकतभाईंनी विचारलं. चाचींचं जेवण झालं नव्हतं; कालवं मिळाली होती, ती चुलीवर होती. त्यावरून खाडी निघाली, खाडीवरून जुनी होडी, होडीवरून चाचींचे मयत नवरे आणि त्यांचं एका पावसाळ्यात हरवलेलं जाळं. अल कुसैस आलं, मी गाडी लावली, बाकीच्या उतरल्या. शौकतभाई तसेच पुढच्या सीटवर बसून हसत होते. गुडघ्याचा विषय अजून निघालेला नव्हता.