त्रस्त सासरा आणि मुक्तछंद

अधिक महिन्यात जावयाने काही मागितलं आणि सासऱ्याने नाही म्हटलं, असं बेंडखळ्यांच्या घराण्यात आजवर घडलेलं नव्हतं. त्यामुळे दिपेशने भरल्या ताटावरून मान वर करून, "बाबा, मला चांदीबिंदी काही नको. तुमचा लॅपटॉप तेवढा दुपारभर द्या," असं म्हटल्यावर परशुराम बेंडखळ्यांच्या तोंडातून, मनात नसूनही, "अवश्य, अवश्य!" हेच बाहेर पडलं.

डोंबिवलीच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात त्या दिवशी जावयाला वाण द्यायचं होतं. लेक ऋतिका आणि जावई दिपेश कोलशेतहून मुद्दाम जेवायला आलेले. वासंतीबाईंनी रीतीप्रमाणे तेहतीस अनारसे तळून स्टीलच्या डब्यात भरले होते आणि वर चार दिपेशच्या ताटात वाढले होते. दिपेश एकेक घास पाण्याबरोबर खाली ढकलत होता.

"कसे झालेत?" वासंतीबाईंनी विचारलं.

"अप्रतिम!" असं दिपेश म्हणाला आणि लगेच आणखी दोन ताटात आले.

मुलगा तसा लाखात एक. शांत, कामसू, बायकोच्या अर्ध्या वचनात. वेड एकच, लिनक्सचं, म्हणजे विंडोजऐवजी संगणकात फुकट घालता येणाऱ्या प्रणालीचं. लोक साईबाबांचा फोटो खिशात ठेवतात तसा हा लिनक्सचा पेनड्राइव्ह खिशात घेऊन फिरायचा. परशुरामपंतांचा लॅपटॉप चालू व्हायला लागला की तोवर चहा होऊन, पिऊन, कप विसळून व्हायचा. ते पाहून गेली दोन वर्षं त्याचे हात शिवशिवत होते.

"बाबा, ह्यातलं सगळं चोरीचं आहे, माहितीये ना?" जेवण झाल्यावर तो म्हणाला.

"चोरीचं?" परशुरामपंत दचकले. नोकरीत असताना त्यांनी ऑफिसची टाचणीसुद्धा कधी घरी आणली नव्हती. "छे हो! नौपाड्यातल्या त्या दुकानदाराने लॅपटॉप देताना सगळं प्रेमाने टाकून दिलंय. वर चहासुद्धा पाजला."

"तेच ते! आता बघा, लिनक्स जगभरच्या लोकांनी मिळून केलंय. आत काय चाललंय ते कुणीही उघडून बघावं, चुकलं असेल तर दुरुस्त करावं, आवडलं तर शेजाऱ्याला द्यावं. लपवाछपवी म्हणून नाही."

"छान, छान," परशुरामपंत म्हणाले. संध्याकाळी दिपेशने लिनक्स घातलेला लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात ठेवला तेव्हा तो डोळ्याचं पातं लवायच्या आत सुरू झाला. "तुमच्या सगळ्या फायली जशाच्या तशा ठेवल्यात हं. कसं वाटलं?"

"अप्रतिम!" परशुरामपंत म्हणाले.

खरी मजा चौथ्या दिवशी सकाळी झाली. म्हणजे आपल्याला मजा. परशुरामपंतांच्या पायाखालची जमीन सरकली.

त्याचं असं होतं की, त्यांच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा रौप्यमहोत्सव महिनाअखेरीस होता आणि स्मरणिकेचे संपादक होते परशुराम बेंडखळे. सभासदांच्या आठवणी, कविता, प्रवासवर्णनं, सगळं त्यांनी हिवाळाभर बसून दोन बोटांनी टाइप केलं होतं. त्यात पंढरीकाका म्हात्र्यांचा लेखही होता. नव्वदी उलटलेले पंढरीकाका लहानपणीच्या मिठागरांच्या आठवणी सांगत गेले आणि परशुरामपंत त्यांच्या खाटेशेजारी बसून लिहून घेत गेले. "माजा छापलेला बगूनच मी जानार बग," असं काकांनी बजावलं होतं. टाइप झाल्यावर हातानं लिहिलेले सगळे कागद वासंतीबाईंनी रद्दीत घातले होते.

परशुरामपंतांनी फाइल उघडली. पडद्यावर मराठीचा मागमूस नव्हता. इंग्रजी अक्षरं, टोप्या घातलेली अक्षरं, प्रश्नचिन्हं, मधूनच एखादा पौंडाचा शिक्का. पंढरीकाकांचं मिठागर कुठल्या कुठे गेलं होतं.

"अहो, मग दिपेशरावांना फोन करा की!" वासंतीबाई म्हणाल्या.

"काय सांगू त्यांना? त्या दिवशी अप्रतिम म्हणालो, आज वाटोळं झालं म्हणू? तेही अधिक महिन्यात?"

"ते खरंच," वासंतीबाई गंभीर झाल्या. "आणि ऋतू सांगून गेलीय, तो इतका खूश आहे, त्याचा हिरमोड करू नका म्हणून."

तेवढ्यात दिपेशचाच फोन आला. "बाबा, कसं चाललंय?"

"अप्रतिम!" परशुरामपंतांनी एका हाताने कपाळाचा घाम पुसला. "विद्युतवेगाने चालतंय!"

मग त्यांना आठवलं. संघाच्या कचेरीतल्या संगणकातही त्याच दुकानदाराने तेच सगळं टाकलेलं होतं. तिथे ही फाइल नक्की उघडेल! पेनड्राइव्ह घेऊन, चपला पायात सरकवून ते रिक्षाने निघाले. कचेरीत पोचले तर संघाच्या कार्यवाह नीलाताई खुर्चीत बसून संगणकाकडे कौतुकाने बघत होत्या.

"या, या! तुमच्या जावयांचे आभार कसे मानू? मी परवा फोनवर तुम्हाला विचारलं ना, लिनक्स कसं आहे? तुम्ही म्हणालात अप्रतिम! म्हणून मी थेट त्यांनाच बोलावून घेतलं. काल संध्याकाळी ऑफिसहून परस्पर आले बिचारे. सगळं जुनं पुसून लख्ख करून गेले."

परशुरामपंत समोरच्या बाकावर बसले. नीलाताईंनी पाणी दिलं. "बरं, स्मरणिका कधी देताय छापायला? मुद्रक मागे लागलाय."

"चार-आठ दिवसांत," परशुरामपंत म्हणाले, आणि आपण हे काय बोललो असं वाटून ते आणखी एक पेला पाणी प्यायले.

आता जावयाला सांगता येत नाही आणि नीलाताईंनाही सांगता येत नाही, कारण त्यांना सांगितलं की ते सगळ्या डोंबिवलीला सांगितल्यासारखंच. घरी येऊन परशुरामपंतांनी त्याच लिनक्सवर मदतीसाठी शोधाशोध केली, तेव्हा मराठी लिनक्सवाल्यांचा एक गट सापडला. तिथे कुणीही अडचण लिहावी, ज्याला ठाऊक असेल त्याने उत्तर द्यावं. खरं नाव द्यायचं बंधन नव्हतं. परशुरामपंतांनी थोडा विचार केला आणि नावाच्या जागी लिहिलं, 'त्रस्त सासरा'. मग मराठी टाइप करायची नवी तऱ्हा चाचपडत त्यांनी निवेदन केलं:

'सादर नमस्कार. आमच्या जावयाने आमच्या संगणकात लिनक्स घालून आमची मराठी नष्ट केली आहे. जावयाला बोलण्याची सोय नाही. कृपया मार्ग दाखवावा. कळावे, लोभ असावा.'

पोळ्या होईपर्यंत उत्तर आलं. लिहिणाऱ्याचं नाव होतं 'मुक्तछंद'.

'काका, घाबरू नका. तुमची मराठी कुठेही गेलेली नाही. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांना मराठीचा मुखवटा घातलेला असतो. फॉन्ट गेला की मुखवटा गळतो. ती अक्षरं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर दिसेल अशा मराठीत, बदलून देणारा प्रोग्राम एका भल्या माणसाने लिहून सगळ्यांसाठी ठेवलाय. मी आहे, आपण करू.'

परशुरामपंतांच्या डोळ्यांत पाणी आलं. कोण कुठला माणूस, ना ओळख ना पाळख, आणि म्हणतो 'मी आहे'!

मग शिकवणी सुरू झाली. काळ्या खिडकीत काय लिहायचं, कुठे बोट दाबायचं, मुक्तछंद एकेक ओळ सांगायचा. "अहो, काळ्या पडद्यावर काय खुडबुड चाललीय? बँकेबिंकेत घुसत नाही ना?" वासंतीबाईंनी घाबरून विचारलं. एकदाची फाइल बदलली आणि पडद्यावर मराठी अवतरली, पण रफार सगळे भलत्याच अक्षरांवर जाऊन बसलेले. परशुरामपंतांनी चार शब्द नमुन्यादाखल पाठवले. मुक्तछंदाने तो प्रोग्रामच उघडला, आतली चूक शोधली, दुरुस्त केली आणि प्रोग्राम पुन्हा सगळ्यांसाठी ठेवून दिला. 'आता कुणाचेच रफार पळणार नाहीत, काका. तुमच्यामुळे सापडली चूक.'

"तुमच्यामुळे, म्हणतो!" परशुरामपंत वासंतीबाईंना म्हणाले. "संस्कार बघ! ऋतिकासाठी असा मुलगा बघायला हवा होता."

"अहो, हळू बोला! अधिक महिना आहे!"

हळूहळू दोघांचा घरोबा जमला. एकदा परशुरामपंतांनी मन मोकळं केलं. 'जावयाने विचारलं होतं, नाही असं नाही. पण अशा वेळी विचारलं, की नाही म्हणता येऊ नये.'

'मग ते विचारणं नव्हेच,' मुक्तछंदाने ठणकावलं. 'कुणाच्या गळ्यात मारलेलं स्वातंत्र्य ते कसलं स्वातंत्र्य? असल्या अर्धवट लोकांमुळे लिनक्स बदनाम होतं. त्या जावयाला माझ्याकडे पाठवा, चांगला झापतो. मीसुद्धा माझ्या सासऱ्यांना लिनक्स टाकून दिलंय, पण ते एकदम खूश आहेत. माणूस ओळखायला लागतो.'

"नशीबवान सासरा!" परशुरामपंतांनी सुस्कारा सोडला.

स्मरणिका वेळेत छापायला गेली. ती जाता जाता परशुरामपंतांनी गटावर कळवलं: 'येत्या रविवारी डोंबिवलीत आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या स्मरणिकेचं प्रकाशन आहे. आपला शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा आहे. अवश्य यावे.'

एरवी मिनिटात उत्तर देणारा मुक्तछंद दिवसभर गप्प राहिला. मग आलं ते एवढंच: 'सत्कार नको. माझं नाव कुठेही घेऊ नका. रविवारी मला ताप येणार आहे.'

"केवढा हा विनय!" परशुरामपंत गहिवरले आणि सत्कार करायचाच असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. त्यासाठी नीलाताईंना सगळा प्रकार सांगावाच लागला, पण जावयाचं नाव घ्यायचं नाही या अटीवर. या गडबडीत, दिपेशचा रोजचा 'कसं चाललंय'चा फोन त्याच दिवसापासून बंद झालाय, हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही.

रविवारी सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीत पंढरीकाका, त्यांच्या शेजारी वासंतीबाई, मग ऋतिका आणि दिपेश. दिपेशचं तोंड उतरलेलं. "सकाळपासून ताप आलाय म्हणतोय, थर्मामीटर लावला तर काही नाही," ऋतिका आईच्या कानात म्हणाली. "ओढूनच आणलाय."

प्रकाशन झालं. पहिली प्रत पंढरीकाकांच्या हातात दिली. त्यांनी आपलं पान काढलं, आपल्याच नावावरून दोनदा बोट फिरवलं आणि म्हणाले, "आता जात नाय इतक्यात. दुसरा पन लिवाचाय." सगळं सभागृह हसलं. परशुरामपंतांनी डोळे टिपले.

मग नीलाताईंनी माइकवरून ऋणनिर्देश वाचायला घेतला. "आमच्या संपादकांच्या एका अतिउत्साही नातेवाइकाने केलेल्या उपद्व्यापामुळे ही स्मरणिका नष्ट होण्याच्या मार्गावर होती. त्या वेळी देवासारखे धावून आलेले श्री. मुक्तछंद सभागृहात असतील, तर त्यांनी कृपया व्यासपीठावर यावे!"

कुणी उठलं नाही. लोक माना वळवून बघू लागले. दिपेश खुर्चीत खाली खाली घसरत चालला होता.

"अरे, ऊठ ना!" ऋतिका मोठ्याने म्हणाली. "तुलाच बोलावतायत! आई, मुक्तछंद म्हणजे हाच की गं, हा कम्प्युटरवर सगळीकडे हेच नाव लावतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या कडकडाटात अतिउत्साही नातेवाईक आणि देवासारखे धावून आलेले श्री. मुक्तछंद एकाच जोडी पायांनी व्यासपीठावर चढले. परशुरामपंतांच्या हातातली शाल तशीच लोंबकळत राहिली. आपण गटावर काय काय लिहिलं, ते सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं.

"बाबा," दिपेश शाल घेता घेता पुटपुटला, "तो जावई खरंच अर्धवट आहे हो."

"छे छे, असं कसं!" परशुरामपंतही पुटपुटले. "अधिक महिना आहे."

माइक चालू होता, ही गोष्ट नीलाताईंच्या जरा उशिराच लक्षात आली.

घरी आल्यावर चहा झाला. कप खाली ठेवून दिपेश म्हणाला, "सॉरी, बाबा. मी आधी नीट विचारायला हवं होतं. तुमचं जुनं सगळं परत टाकून देऊ का? पैसे भरून, रीतसर."

"हात तर लावून बघा!" परशुरामपंत कडाडले. आयुष्यात पहिल्यांदाच ते जावयावर ओरडले होते. "आता कुठे हात बसलाय. काल गटावर शहाडच्या एका बाईंची अडचण मी सोडवली, मी!"

दिपेश इतका खूश झाला की त्याने उठून सासऱ्यांचे दोन्ही हात धरले. "मग बाबा, आजपासून आपल्यात लपवाछपवी नाही. मनात असेल ते तोंडावर बोलायचं. सगळं खुलं!"

"ठरलं! मग सांगूनच टाकतो. गेल्या दिवाळीत तुम्ही दिलेलं ते पाय चेपायचं यंत्र. मला त्याची भीती वाटते. ते पलंगाखाली आहे."

दिपेश खदखदून हसला. ऋतिकाही हसली. घरात इतकं मोकळं वारं कधी खेळलंच नव्हतं. त्या वाऱ्यात दिपेशला राहवलं नाही.

"मग मीही सांगून टाकतो. आई, मला अनारसे बिलकूल आवडत नाहीत. लग्न झाल्यापासून पाण्याबरोबर गिळतोय!"

वासंतीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. परतताना न्यायला म्हणून भरलेला दुसरा डबा त्यांच्या हातात होता. त्यांनी तो टीपॉयवर ठेवला, त्या आत गेल्या आणि आतून पातेली आपटल्याचे आवाज येऊ लागले. ऋतिकाने कपाळावर हात मारून घेतला.

परशुरामपंत जावयाच्या कानाशी वाकले.

"अहो दिपेशराव, असलं काही तोंडावर बोलतात का! गटावर टाकायचं, टोपणनावाने!"