काढून ठेवलेले काटे

"काटकसर मला कोणी शिकवू नये!" बाईंनी सकाळी भांग पाडता पाडता नवऱ्याला ठणकावलं. त्यात खोटं काही नव्हतं. संपलेली टूथपेस्टची नळी लाटण्याखाली घालून त्या आणखी आठवडाभर घराचे दात घासवतात. सरकारने त्यांना विचारलं असतं, तर तिजोरीला तळ दिसलाच नसता!

पण सरकारने विचारलं नाही. "दोन-दोन खाती हवीत कशाला? करा एक!" असा हुकूम सुटला आणि बाईंचं वजनमापे खातं शेजारच्या उद्यान खात्याला चिकटवण्यात आलं. आता उद्यान खात्याचे साहेब कोण? तर बाईंचे यजमान! म्हणजे सरकारने दोघांचं पुन्हा एकदा लग्न लावलं, आणि या वेळी टेबलही एकच दिलं.

"उद्या बचतवाल्या मॅडम पाहणीला येतायत," बाई म्हणाल्या. "माझी वजनखोली ठेवायची, की बंद करून तुमच्या कुंड्यांचं कोठार करायचं, ते ठरणार आहे. खोली गेली तर मी काय करू? रोपांना पाणी घालू?"

"नको गं! तू थेंब मोजून घालशील. वाळतील बिचारी."

बाईंनी फणी आपटली. त्या खोलीत काचेच्या पेटीत एक जुना काटा होता. कोणी शेजारी शिंकलं तरी हलणारा! त्याच्यावर त्यांचा जीव.

खोलीतल्या शिपायाची जागा कपातीत गेली होती. त्याचं काम उद्यानाच्या माळीमामांकडे आलं होतं. बाई दिवसभर मुख्य कचेरीत बैठकीला. तिथून त्यांनी घाईघाईने फोन लावला.

"मामा, उद्या पाहणी आहे. सगळे काटे काढून ठेवा."

"सगळे?"

"सगळे! मोठे, बारके, एकही राहता कामा नये."

"बारके फार आहेत हो, बाई. हाताला लागतील."

"हात लावायचाच नाही! मोजे घाला, चिमटा घ्या."

"भिंतीवरचे पण काढू?"

"ते तर आधी!"

माणूस किती चौकस, असं म्हणून बाई निश्चिंत झाल्या. भिंतीवर दोन टांगते काटे होते, ते त्यांच्या डोळ्यांसमोर होते. मामांच्या डोळ्यांसमोर मात्र घड्याळ होतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या दारातच साहेब डोकं धरून बसलेले! समोर त्यांचा लाडका निवडुंग, सोललेल्या काकडीसारखा गुळगुळीत. ओळीने ठेवलेले गुलाब तर नुकतेच न्हाव्याकडून आल्यासारखे दिसत होते.

"अगं, हा निवडुंग आहे की दुधी?" साहेब कळवळले. "कोणी केलं हे?"

"तुमच्या घरूनच हुकूम होता, साहेब," मामा अभिमानाने म्हणाले. "एकेक चिमट्याने उपटलाय. एकही राहिला असेल तर नाव बदलीन!"

"मामा, माझे काटे कुठायत?" बाई किंचाळल्या.

"हे काय, काढून ठेवलेत!" मामांनी पाटी पुढे केली. पाटीभर काटे, आणि वर शोभेला घड्याळाचे दोन!

तेवढ्यात मॅडम दारात. "हं, दाखवा तुमचे काटे."

मामांनी तत्परतेने पाटी त्यांच्या नाकाखाली धरली. मॅडम पाटीकडे बघतायत, बाई मॅडमकडे बघतायत, आणि साहेब छताकडे! शेवटी बाईंनी सगळ्यांना वजनखोलीत नेलं आणि काचेची पेटी उघडली. आता लाज जायचीच तर रीतसर जाऊ दे! चिमट्याने त्यांनी पाटीतला एक बारीक काटा उचलला आणि अलगद पारड्यात ठेवला.

काट्यावर काटा ठेवला, आणि काट्याचा काटा हलला!

"अगं बाई! एवढ्याशाने?" मॅडम खाली वाकल्या. मग त्यांना सगळा घोटाळा उलगडला आणि त्या अशा हसल्या, की त्या हसण्याच्या वाऱ्याने पारडं नाचायला लागलं. डोळे पुसत म्हणाल्या, "इतका हळवा काटा कुंड्यांखाली घालायचा? छे! खोली राहील. कोठार दुसरीकडे करा."

"काढलास! काट्याने काटा काढलास!" साहेब पुटपुटले. पण कडेवर घेतलेल्या निवडुंगावरून हात फिरवताना तेही हसतच होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्यावरून हात फिरवता येत होता ना!

निघता निघता मॅडमची नजर भिंतीवर गेली. "जेवायची सुट्टी किती वाजता असते?"

सगळ्यांनी बोडक्या घड्याळाकडे पाहिलं. मग बाईंनी मनगटावरचं पाहिलं. सुट्टी केव्हाच होऊन गेली होती आणि एकही माणूस जागचा उठला नव्हता. मॅडमचे डोळे लकाकले. बाईंना ते लकाकणं तेव्हाच खटकायला हवं होतं.

आठवडा झाला नाही तोच मामा नव्या कोऱ्या हातमोज्यांत हजर झाले. "बाई, वरून हुकूम आलाय. सगळ्या कचेऱ्यांतल्या घड्याळांचे काटे काढून ठेवायचे. अनुभव आहे म्हणून काम मलाच दिलंय."

आणि त्यांनी चिमटा सरसावत बाईंच्या मनगटाकडे पाहिलं.

"एकही राहता कामा नये, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

बाईंनी झटकन बाही खाली ओढली.