बरणीतलं ओलं बोट

"बोट कोरडं करून घाल गं बरणीत," आई सांगायची, आणि ती "हो" म्हणून ओलंच बोट घालायची. न्हाणीघरातून नुकती बाहेर आलेली, केसांतून पाणी ठिबकतंय, शाळेची घाई, आणि खिडकीत आईने केलेल्या कोल्ड क्रीमची जाड काचेची बरणी. बोट पुसायला वेळ कुणाला होता? "एका बोटाने काय होतंय," ती म्हणायची. आई वाद घालायची नाही. टॉवेलच्या टोकाने बरणीचा काठ पुसायची, झाकण घट्ट फिरवायची, आणि हाताला लागलेलं क्रीम तळव्यांवर चोळून ते दोन्ही तळवे लेकीच्या गालांवर ठेवायची. थंडीतली सकाळ म्हणजे तिच्यासाठी तो वास होता.

आता आई नव्हती. बरणी होती, बाबांच्या कपाटात, तळाला थोडं क्रीम उरलेली. "शेवटची आहे, बाबा. उघडू नका, वास उडून जाईल," असं तिने बजावून ठेवलं होतं. बाबांनी मान डोलावली होती. हल्ली बाबा बहुतेक गोष्टींना मान डोलावत.

तिच्या रांगत्या मुलीला घरात सगळे पिल्लूच म्हणत. पिल्लाने आजीला पाहिलं नव्हतं. फोटो दाखवला की ते फोटो चाटायचं. माणूस तर आता देता येत नाही, निदान त्याचा वास तरी पोरीला द्यावा, असं तिच्या मनात फार दिवस होतं. त्यात थंडी पडली, पिल्लाचे गाल फुटले, आणि नवरा कोपऱ्यावरच्या दुकानातून फिकट गुलाबी रंगाची एक बाटली घेऊन आला. लहानमोठ्यांना चालणारं क्रीम.

दुसऱ्या एखाद्या बाईने बाटली उघडली असती. तिने ती उलटी करून वाचायला घेतली. पिल्लू झाल्यापासून ती डब्याबाटल्यांच्या पाठीच वाचायची.

"पहिलंच नाव बघ. ॲक्वा. सगळ्यात जास्त तेच घातलंय." तिने फोनमध्ये शोधलं आणि फोन पालथा ठेवला.

"काय निघालं?" नवऱ्याने विचारलं.

"पाणी."

"बंदच करूया पाणी."

"हसू नकोस. हे पुढे बघ, सिटाइल अल्कोहोल. लेकराच्या गालाला दारू?"

नवऱ्याने स्वतःचा फोन काढला. "दारू नाही ती. मेणासारखं असतं म्हणे. क्रीम घट्ट व्हायला आणि तेल-पाणी धरून ठेवायला घालतात."

"मग नाव तरी धड ठेवायचं." तिचं बोट खाली सरकलं. "ग्लिसरीन ठीक आहे, ते कातडीत ओल धरून ठेवतं. पण हे काय, फिनॉक्सिएथेनॉल?"

"प्रिझर्वेटिव्ह."

"त्याचं काम काय?"

"काही होऊ न देणं. बुरशी नाही, जंतू नाही, काहीच नाही."

"म्हणजे गालाला त्याचा काही उपयोग नाही."

"काही होऊ न देणं हेच त्याचं काम आहे, बाई."

"माझंही दिवसभर तेच काम आहे," ती म्हणाली. "मला नाही कुणी बाटलीत भरत." आणि तिने ती बाटली, सील न तोडता, नवऱ्याच्या हातात परत दिली. "तुझ्या टाचांना लाव. त्या फुटल्याच आहेत. पिल्लाला मी आईचं क्रीम करणार."

आईच्या क्रीमची कृती तिला येत नव्हती, कारण आई ते करायची तेव्हा ती फारच लहान होती. पण बाबांना आठवत होतं. बोलावल्याबरोबर ते मेणाचा तुकडा खिशात घालूनच आले, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. स्वयंपाकघरात उभे राहिले तेव्हा तिला वाटलं, बाबा कितीतरी दिवसांनी एवढे सरळ उभे राहिलेत.

"मेण पातळ करायचं, त्यात तेल," बाबांनी सांगितलं. "दुसऱ्या भांड्यात गुलाबपाणी, त्यात चिमूटभर टाकणखार. दोन्ही सारखंच गरम झालं की पाणी तेलात सोडत जायचं आणि ढवळणारा हात थांबवायचा नाही. तुझी आई सोडायची, मी ढवळायचो. हात थांबला की चमच्याने मारायची मला."

"टाकणखार नको. बोरॅक्स असतो तो, बाळांना चालत नाही, मी वाचलंय."

"मग तेल आणि पाणी एकत्र बसणार कसं? त्या दोघांचं आपसात बोलणं नाही. टाकणखार मेणाला हाताशी धरून त्यांना बसवतो."

"मिक्सर आहे ना, बाबा."

बाबांनी मिक्सरकडे बघितलं आणि मान डोलावली. मग जरा वेळाने, कुणाला उद्देशून नाही असं म्हणाले, "दुकानातलं तरी काय वाईट असतं?"

"आईने कधी आणलं होतं का दुकानातलं?"

बाबांनी घाईघाईने ढवळायला सुरुवात केली. भांड्यात अजून काहीच घातलेलं नव्हतं.

टाकणखार गेला. टिकवण्यासाठी काही घालायचा प्रश्नच नव्हता. बाबांनी अत्तराची बाटली आणली होती, तीही तिने बाजूला ठेवली, कारण सुगंधाने बाळांना पुरळ येतं हेही तिने वाचलं होतं. उरलं ते मेण, तेल आणि गुलाबपाणी मिक्सरमधून फिरलं. नंतर कितीतरी दिवस त्या घरात कसलाही ज्यूस काढला तरी वर मेणाची पातळ साय धरत होती. पण त्या दुपारी भांड्यातून जे निघालं ते पांढरंशुभ्र आणि मऊ होतं, आणि ती बघतच राहिली.

बाबांनी बोटावर थोडं घेऊन वास घेतला. "तिचा वास नाही आला गं."

"मुरल्यावर येईल."

तीन बरण्या भरल्या. एक घरात, एक बाबांना, आणि एक वरच्या मजल्यावरच्या काकूंना, कारण त्यांनी जिन्यात "काय शिजतंय?" असं विचारलं होतं. पिल्लाला मात्र तिने लगेच लावलं नाही. आधी स्वतःच्या कोपरावर लावून बघायचं, मग नवऱ्याच्या, मग पिल्लाच्या, असा तिचा क्रम होता. तोवर पिल्लाच्या गालांना नुसतं तेल.

दुसऱ्या दिवशी बरणीत खाली पाणी आणि वर क्रीम असे दोन मजले झाले. तिने चमच्याने ढवळून ते पुन्हा एकत्र बसवलं. संध्याकाळी पुन्हा दोन मजले. नवऱ्याने न सांगता बरणीवर कागद चिकटवला, "वापरण्यापूर्वी हलवावे, वापरल्यानंतर पुसावे". ती त्याच्याशी जेवण होईपर्यंत बोलली नाही. जिन्यात काकू भेटल्या.

"क्रीम फारच छान झालंय गं तुझं."

"हो ना, काकू? गालांना लावलंत?"

"बिजागरीला लावलं. दार किती वर्षं कुरकुरत होतं, आता ऐकूसुद्धा येत नाही. अजून असेल तर दे, खिडक्या राहिल्यात."

पण त्याच दिवसांत एक वेगळीच गोष्ट घडत होती. रविवारी दुपारी ती पिल्लाला घेऊन जरा आडवी झाली, बाजूला नवरा घोरत होता, आणि अर्धवट झोपेत तिला स्वच्छ वाटलं की आई खोलीत आहे. पायथ्याशी कुठेतरी. उठून बसली तर कुणी नव्हतं. पिल्लू मात्र रांगत रांगत नवऱ्याच्या पायांशी जाऊन, तिथेच गाल टेकून झोपलं होतं. कधी नव्हे ते, न रडता.

"मला आईचा वास आला," तिने नवऱ्याला उठवून सांगितलं. "खरंच आला."

"मुरलं असेल क्रीम," तो झोपेतच म्हणाला.

तेव्हापासून ते अधूनमधून व्हायला लागलं, आणि पिल्लू सारखं बापाच्या पायांशी जायला लागलं. वासाचं श्रेय तिने स्वतःच्या क्रीमला दिलं. नाक बरणीजवळ नेलं की नुसता तेलाचा वास यायचा, पण ती म्हणायची की जवळून कळत नाही, लांबूनच येतो. तिचं स्वतःचं कोपर पास झालं. नवऱ्याचंही पास झालं. मग एका सकाळी पिल्लाला आंघोळ घालून, टॉवेलात गुंडाळून, ओल्याच हाताने तिने बरणी उघडली. बोट आत जाणार तोच थांबलं. आत क्रीमवर हिरवट मखमल उगवली होती. इतके दिवस आंघोळीनंतर आपल्या कोपराला ती अशाच हाताने लावत आली होती.

ती त्या मखमलीकडे बघत राहिली. मग तिला बाबांना दिलेली बरणी आठवली.

"बाबा, क्रीम कसं आहे?" तिने फोनवर विचारलं.

"छान आहे. रोज दोन वेळा लावतो."

"त्यावर काही हिरवं दिसतंय का?"

"कडेचं घेतो मी," ते म्हणाले.

तिने पिल्लाला उचललं आणि निघाली.

बाबांनी दार अर्धंच उघडलं. नाकापर्यंत मफलर गुंडाळलेला. तिने तो खाली ओढला तर दोन्ही गाल लालभडक, बारीक पुरळाने भरलेले, आणि मध्ये बाबांचं ओशाळं हसू.

"अहो बाबा, टाकून का नाही दिलंत?"

"तू एवढ्या हौसेने केलंस."

"म्हणून तोंडाला बुरशी लावायची?"

"लावताना थोडं चुरचुरायचं फक्त." त्यांनी पिल्लाला घेण्यासाठी हात पुढे केले, आणि मग आपले गाल तिला लागू नयेत म्हणून पुन्हा मागे घेतले. ते बघून तिला रडूच आलं. तिथल्या तिथे तिने डॉक्टरांना फोन लावला, बरणी कचऱ्यात टाकली आणि बाबांचं तोंड साध्या पाण्याने धुवून दिलं, पिल्लाचं धुतात तसं, हनुवटी धरून. टॉवेल काढायला तिने कपाट उघडलं. आईची बरणी समोरच होती. काठोकाठ भरलेली.

"बाबा, ही तर तळाला आली होती."

बाबा टॉवेलात तोंड पुसत राहिले. पुसून झालं तरी पुसत राहिले.

तिने टॉवेलांची घडी बाजूला केली. मागे तशीच फिकट गुलाबी बाटली होती. कोपऱ्यावरच्या दुकानातली. अर्धी संपलेली.

"याआधी हेच लावायचो मी, संपली की भरायचो," बाबा टॉवेलाच्या आतून म्हणाले. "तुझी आई भरायची तसंच."

"आई?"

"बस जरा." बाबांनी टॉवेल खाली घेतला. "पहिली काही वर्षं घरीच करायचो आम्ही. सांगितलं तसंच, टाकणखार घालून. उत्तम व्हायचं. पण तू चालायला लागलीस आणि बरणीपर्यंत तुझा हात पोचायला लागला. आंघोळ झाली की ओलं बोट आत. आठवडाभरात बुरशी. आम्ही पुन्हा करायचो, पुन्हा तुझं बोट. तिने तुला किती सांगितलं. शेवटी कंटाळली बिचारी, एक दिवस ही बाटली आणली आणि बरणीत ओतून ठेवली. तू बोट घातलंस, ती वाट बघत बसली. काहीच झालं नाही. मग तेच चालू ठेवलं."

"आणि मला कधी सांगितलं नाही?"

"तू शाळेत सगळ्यांना सांगून बसली होतीस, आमची आई घरी क्रीम करते म्हणून. ती म्हणाली, राहू दे. बाटली दिसू नये म्हणून टॉवेलांच्या मागे ठेवायची." बाबांनी बाटलीकडे बघितलं. "कंपनीने रंग बदलला, आकार बदलला. वास मात्र बदलला नाही."

ती बरणी नाकाशी धरून उभी होती. थंडीतली सकाळ, ओले केस, गालांवर दोन गरम तळवे. सगळं जसंच्या तसं होतं. पाणी, ग्लिसरीन, दारू नसलेलं अल्कोहोल, आणि इतकी वर्षं तिच्या ओल्या बोटाला पुरून उरलेलं, काही होऊ न देणारं ते. यादीत सगळ्यात शेवटी, तिने वाचून बाजूला केलेला तो सुगंध.

मग तिला दुसरंच काही सुचलं आणि तिने नवऱ्याला फोन लावला.

"टाचा कशा आहेत तुझ्या?"

"टाचा?" तो ऑफिसात होता, आवाज खाली आणून बोलत होता. "एकदम मऊ. ते गुलाबी क्रीम चांगलं आहे गं. रोज लावतो. का?"

"काही नाही," ती म्हणाली. पिल्लाने आजीचा वास घेतला होता. रोज, बापाच्या टाचांना गाल लावून.

बाबांचे गाल हळूहळू बरे झाले. गुलाबी बाटली पिल्लालाही मिळाली, अर्थात आधी तिच्या कोपरावर, मग नवऱ्याच्या, आणि या वेळी बाबांनीही आग्रहाने आपलं कोपर पुढे केलं. आता ती ते क्रीम बाटलीतून जाड काचेच्या बरणीत ओतते आणि बाटली टॉवेलांच्या मागे ठेवते. परवा पिल्लाने उभं राहून, हात लांब करून, आंघोळीचं ओलं बोट त्या बरणीत खुपसलं. ती सवयीने बोलायला गेली आणि मग बोललीच नाही. टॉवेलच्या टोकाने काठ पुसला.

तर तुम्हीही कधी हौसेने घरी काही केलं असेल आणि झाकण लावून कुणा एकट्या राहणाऱ्या माणसाला दिलं असेल, तर फोन करून विचारू नका. फोनवर ते छान आहे म्हणतील. आज-उद्या सवड काढून जाऊन या, बरणी उजेडात धरा, आणि त्यांनी मफलर गुंडाळला असेल तर तोही जरा खाली ओढून बघा.