निमकर तळघरात उतरतात

निमकर लिफ्टचं बटण छत्रीच्या टोकाने दाबायचे. कॉम्प्युटरवाले आपले लोक जपानात, इचिकावात भराभर येत होते तेव्हाची गोष्ट. निमकर आमच्या शेजारी एकटे राहायचे. माझा नवरा मिलिंद त्यांच्याच ऑफिसात होता.

"देश असावा तर असा, वहिनी! कोणी हात मिळवत नाही. नमस्कारसुद्धा लांबून!" निमकर म्हणायचे.

एका सुट्टीत आम्ही त्यांना डोंगरातल्या गावी, शेकडो वर्षं जुन्या देवळात नेलं. गाभाऱ्याखाली तळघर होतं. काळोखात भिंत चाचपत जायचं. मूर्तीच्या बरोबर खाली टांगलेलं कुलूप हाताला लागलं की पुण्य.

"भिंतीला हात?" म्हणत निमकरांनी हातमोजे चढवले.

पुढे मिलिंद, मग मी, मागे निमकर. वळण घेतलं आणि डोळे उघडे आहेत की मिटलेले तेच कळेना. तेवढ्यात मागून किंकाळी.

"वहिनी! कोणीतरी धरलंय मला!"

"मी नाही," पुढून मिलिंद म्हणाला.

मग एक म्हातारा, कापरा आवाज आला. माझ्या मोडक्या जपानीलाही तो समजला. मागून आलेल्या कुणी आजी वाट चुकून घाबरल्या होत्या.

"सोडू नका त्यांना," मी म्हणाले.

निमकरांचे नुसते श्वास ऐकू येत होते. यांनी हात झटकला तर आजी दगडावर पडतील, या धास्तीने मी जागची हलले नाही.

"या, आजी," अखेर मराठीतून आवाज आला. "सावकाश. इथे भिंत आहे, बघा."

"हाय, हाय," आजी म्हणाल्या. म्हणजे 'हो, हो'.

तसेच दोघं उजेडात आले. आजी पुन्हापुन्हा वाकून निघून गेल्या. निमकरांच्या एका हातात मोजा नव्हता. आता हे नळ शोधणार, असं मला वाटलं. पण ते पायरीवरच बसले.

"आईला दिसेनासं झालं होतं," ते म्हणाले. "इकडे यायच्या आधी रोज सकाळी मीच धरून अंगणात न्यायचो."

"आता कोण नेतं?" मिलिंदने विचारलं.

"गेली ती. पावसाळ्यात."

"अहो, बोलला नाहीत! शेजारी होतो आम्ही."

"आलो होतो ना तुमच्या दारापर्यंत," निमकर म्हणाले. "तुमच्याकडे पाहुणे होते. आतून हसण्याचे आवाज येत होते."