ढोलेकाकांची कडी

अंगणात उभ्या असलेल्या गाडीत, मांडीवर जेवणाचा डबा घेऊन, कुठेही न जाता तुम्ही कधी परतवाड्यापर्यंत गेला आहात का? मी गेलो आहे. माझी बायको वैशालीही गेली आहे. आमचे शेजारी ढोलेकाका पुढच्या सीटवर घड्याळ बघत बसले होते, मागे वैशालीशेजारी सुमनकाकू होत्या आणि मी बंद गाडीचं स्टिअरिंग धरून होतो. थोड्या थोड्या वेळाने काका सांगायचे, "आता वलगाव गेलं." मग, "आता आसेगाव." फाटकाशी दूधवाला आला, त्याने आम्हाला पाहिलं, आणि काही न विचारता कॅन घेऊन परत गेला.

"कोनाच्या पायाले मुंग्या आल्या?" परतवाडा आल्यावर काकांनी विचारलं. माझ्या आल्या होत्या. वैशालीच्या आल्या होत्या. काकूंनी नुसती मान हलवली आणि लगबगीने घरात गेल्या. काका त्या गेल्या त्या दाराकडे बघत राहिले. "गाडी चालू असती तं जमलं नसतं," ते म्हणाले, आणि सहल पुढे ढकलली.

ही सहल म्हणजे आमच्या कॉलनीतली जुनी थट्टा होती. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी जाहीर करून टाकलं, की अमरावतीहून गाडी काढायची, आधी मेळघाट, मग पेंच, तिथून कान्हा, येताना ताडोबा, आणि चंद्रपूर-यवतमाळ करत घरी. आम्हा दोघांनाही घेतलं, कारण काकांना गाडी चालवता यायची पण चालवताना ते इतके घाबरायचे, की मागच्या सायकली पुढे जायच्या. मेळघाट पहिला ठेवण्याचं कारण काकू. त्यांचे वडील सेमाडोहला वनरक्षक होते आणि काकूंचं लहानपण तिथं सिपना नदीच्या काठी गेलं. तो मुलूख पुन्हा पाहायचा, वडील फिरायचे त्या जंगलात उघड्या जीपमधून जायचं, एवढीच त्या माउलीची इच्छा होती. सहलीचा विषय निघाला की त्या म्हणायच्या, "पाहू." त्या 'पाहू'त किती वर्षं गेली ते मी मोजलेलं नाही.

पावसाळ्यात जंगल बंद. उन्हाळ्यात टायर फुटतील. हिवाळा बरा, पण हिवाळ्यात घाटात धुकं. त्यातून सगळं जमलं तर अस्वल होतंच. काकांना वाघाची फारशी धास्ती नव्हती. "वाघ विचार करते," ते म्हणायचे. "अस्वल विचार करत नाई, भाऊ. सरळ येते."

पण या सगळ्या काळज्यांच्या वर एक काळजी होती, आणि ती म्हणजे कडी. संडास-बाथरूमच्या दाराची, आतून लावायची कडी. मी हौसेने सेमाडोहच्या विश्रामगृहाला फोन करून आलो. नदी दिसते, जेवण मिळतं, खोल्या स्वच्छ आहेत, असं सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कडी पायली काय?"

"काका, फोनवर कडी कशी पाहणार?"

"मंग इचाराची."

मी पुन्हा फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, "साहेब, आमच्याकडचे वाघ दार उघडत नाहीत." हे मी काकांना सांगितलं नाही.

कडीची तपासणी काका स्वतः करायचे. सुट्टीच्या दिवशी मला घेऊन परतवाड्याच्या रस्त्याला लागायचे. प्रत्येक धाबा, प्रत्येक पेट्रोल पंप. आत जायचे, दार लावून बघायचे, नळ सोडून बघायचे, बादलीला तळ आहे का ते बघायचे. कडी नसेल तर गाडीतून एक कापडी पिशवी निघायची. तिच्यात नव्या कड्या, स्क्रू आणि पेचकस. परक्या माणसाच्या संडासाच्या दाराला स्वतःच्या हाताने कडी बसवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. एका पंपाच्या मॅनेजरला वाटलं, हे स्वच्छता तपासायला आलेले मोठे साहेब आहेत. त्याने चहा आणला, खुर्ची आणली, आणि पुढच्या खेपेला गेलो तर सगळीकडे फिनेलचा घमघमाट आणि दारात तुळशीची कुंडी. मी म्हटलं, काका, तुम्ही साहेब नाही हे सांगा त्याला. "त्यानं इचारलं नाई, मी सांगतलं नाई," काका म्हणाले. "पन दार पाह्य कसं चकचक करून राहिलं."

मी घरी येऊन हे किस्से रंगवून सांगायचो आणि कॉलनी पोट धरून हसायची. काकाही हसायचे. काकू हसायच्या नाहीत.

हसण्यासारखं नव्हतं ते एकच. काकूंच्या सख्ख्या भावाच्या मुलीचं अकोल्याला लग्न होतं. काकू जांभळी साडी नेसून, केसात गजरा माळून गाडीशी उभ्या होत्या, आणि ऐन निघायच्या वेळी काका म्हणाले, "माह्यं पोट बिघडलं. आपन जाऊन नाई राहिलो." काकू गजरा काढत आत गेल्या. त्यांच्या भावाने फोन करून काकांना नको नको ते ऐकवलं, आणि तेव्हापासून त्या घराचं येणंजाणं तुटल्यासारखंच झालं. दर्यापूरचं बारसं, अंजनगावची वास्तुशांत, प्रत्येक वेळी ऐनवेळी काकांचंच काहीतरी दुखायचं. सगळे म्हणायचे, या माणसाने बायकोला घरात कोंडून ठेवलंय. काका ते ऐकून घ्यायचे आणि मान खाली घालून घरी जायचे. मलाही तेव्हा त्यांचा राग यायचा.

गेल्या हिवाळ्यात मात्र वैशालीने हट्टच धरला. तारीख ठरवली, खोल्या घेतल्या, आणि काकांना सांगितलं की आता टायर, धुकं, अस्वल काही चालणार नाही. सकाळी निघालो. काकांचा चेहरा परीक्षेला बसवल्यासारखा होता.

वलगाव आलं न आलं तोच ते म्हणाले, "थांबव बाप्पा. मले पाच मिनिट लागतात." उतरले, आणि मागचं दार उघडून काकूंना म्हणाले, "तूबी ये जाऊन. उतरलोच हाओ तं." आसेगावला तेच. त्या तुळशीवाल्या पंपावर तेच. मॅनेजर नमस्कार करत धावत आला. प्रत्येक थांब्याला माझा पारा चढत होता. या हिशेबाने कान्ह्याला पुढच्या पावसाळ्यात पोहोचू, असं मी वैशालीला म्हटलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

परतवाडा सोडल्यावर, घाट लागायच्या आधी, एक शेवटचं हॉटेल आहे. तिथं पाच मिनिटांची बरीच मिनिटं झाली, म्हणून मी वैतागून मागच्या बाजूला बोलवायला गेलो. पत्र्याचं दार होतं. काकांनी तिथं बसवलेली कडी कुणीतरी स्क्रूसकट काढून नेली होती, नुसती भोकं दिसत होती. काका त्या दाराला पाठ लावून, टाच पत्र्यावर घट्ट रोवून उभे होते. मला पाहताच ते मोठ्याने बोलू लागले. "प्रकाश, यंदा कपाशी बरी दिसून राहिली, नाई? बोंडंबी चांगले भरले." तिथून एकही कपाशीचं झाड दिसत नव्हतं. आतून पाण्याचा आणि बांगड्यांचा आवाज आला. मग काकांनी टाच काढली आणि काकू बाहेर आल्या. काका आत गेले नाहीत. दोघं तसेच गाडीकडे चालू लागले.

मी जागच्या जागी उभा राहिलो. वलगावला ते आत गेले होते का? आसेगावला? पंपावर? कुठेच नाही. सगळीकडे ते दाराबाहेर होते. अकोल्याचं लग्न, दर्यापूर, अंजनगाव, अंगणातल्या गाडीतून लगबगीने घरात गेलेल्या काकू, सगळं एकदम समोर आलं. गाडीशी आलो तर वैशाली हळूच म्हणाली, "आत्ता कळलं होय तुला? बायकांना लगेच कळतं. गप बस आणि गाडी चालव."

मी चालवली. पण आता काकांची धास्ती माझ्या अंगात शिरली होती. घाट सुंदर होता म्हणतात. मला सागाची झाडं दिसली नाहीत, दरी दिसली नाही. मी फक्त रस्त्याच्या कडेला एखादी पत्र्याची खोली आहे का ते शोधत होतो. आरशात काकू ओठ घट्ट मिटून बसलेल्या दिसायच्या. इतकी वर्षं हा माणूस प्रत्येक रस्ता असाच बघत आलाय, हे मनात येत होतं.

सेमाडोहला पोहोचलो. खोलीला कडी होती, चांगली पितळी. संध्याकाळी काकूंनी सिपनेच्या पाण्यात पाय सोडले आणि कितीतरी वेळ काढले नाहीत.

सकाळी जंगलात जायचं होतं. काकूंनी चहा घेतला नाही, पाणीही घेतलं नाही. गेटवर उघडी जीप उभी होती. वाट दाखवायला तिथलीच एक तरुण कोरकू बाई होती, खाकी कपड्यांतली. तिने नियम सांगितले. मोठ्याने बोलायचं नाही, काही टाकायचं नाही, आणि परत येईपर्यंत जीपमधून कुणी खाली उतरायचं नाही.

काकांचा चेहरा पडला. परतवाड्याच्या रस्त्यावरचं दार न् दार त्यांनी तपासलं होतं, पण या गेटच्या आत त्यांना कधी जाता आलं नव्हतं. काकूंचा एक पाय जीपच्या पायरीवर होता.

"मले वाघाचं भेव वाटते," काका म्हणाले. "आमी दोघंबी अठीच थांबतो. तुमी पोट्टे जा."

जीपवाले हसले. एकजण म्हणाला, "काका, एवढ्या दूर येऊन?" काका त्यांच्याबरोबर हसले, नेहमीसारखे. वैशालीने माझा दंड धरला.

काकूंनी पायरीवरचा पाय काढला नाही. त्या खाकीतल्या बाईकडे वळल्या आणि सगळ्यांसमोर, सरळ आवाजात म्हणाल्या, "याईले कशाचं भेव नाई वाटत. मलेच धरवत नाई, बाई. मधात कोठी जाता येते का?"

हसणं थांबलं. काका जमिनीकडे बघत होते. ती बाई म्हणाली, "येते ना, आई. आतमधी चौकी आहे, तिथं सोय आहे. आम्हीबी तिथंच जातो."

"कडी?" काकांचा आवाज जेमतेम निघाला.

"कडी नाही," ती म्हणाली. "मी उभी राहते ना."

काकू जीपमध्ये चढल्या. त्यांच्यामागे काका चढले, आणि गेट उघडलं.

वाघ दिसला नाही. गवे दिसले, सांबर दिसलं, आणि एका वळणावर काकू म्हणाल्या, "बाबा अथून सायकलीनं यायचे." चौकीशी जीप थांबली. काकू आत गेल्या, आणि खाकीतली ती पोरगी दाराला पाठ लावून उभी राहिली. काका नेहमीप्रमाणे मागोमाग उतरले होते. त्यांची जागा घेतलेली पाहून ते मधेच थांबले. हातांचं काय करावं हे त्यांना कळेना. कधी खिशात घालत होते, कधी बाहेर काढत होते. काकू बाहेर आल्या तसे ते त्यांच्याजवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले,

"मीबी जाऊन येऊ काय? काल रस्त्यानं कोठीच जमलं नाई, आज सकाळीबी राहूनच गेलं. आता मलेबी धरवत नाई."

काकूंनी त्या पोरीला बाजूला व्हायला सांगितलं. काका आत गेले. काकूंनी पदर खोचला, दाराला पाठ टेकली, टाच घट्ट रोवली, आणि जीपवाल्याकडे बघून म्हणाल्या,

"पाच मिनिट थांबा, भाऊ. याईले वेळ लागते."