कावळ्याने नेलेली बाटली

पुच्!

दिवेलागण झालेली, कुकर उतरलेला, रेडिओ बंद, आणि त्या शांततेत रोज हा एवढासा आवाज व्हायचा. बाटलीचं निपल तोंडातून सुटल्याचा! पाठोपाठ एक सुस्कारा, मग गिरणीच्या मुकादमाला शोभेल असा ढेकर. तो ऐकला की समजायचं, आमची अनू आजच्यापुरती या जगावर खूश आहे!

आत्ता ती झोपलीय. सासूबाई देवळात गेल्यात. डाळ शिजेपर्यंत मला कोणी हाक मारणार नाही, म्हणून लिहून घेते. लिहिणं मध्येच तुटलं तर डाळ उतू गेली असं समजा.

तर बायांनो, मुलाची बाटली सोडवणं यात काय कठीण आहे, असं मी म्हणाले होते. म्हणाले होते कसलं, जाहीरच केलं होतं! त्याचं असं झालं, डॉक्टरांनी अनूचे दात बघितले आणि कपाळाला हात लावला.

"अहो, अडीच वर्षांची घोडी झाली! वर्ष-दीड वर्षात सुटायला हवी बाटली. आता दूध कपातून. नाहीतर पुढचे दात किडतील, मग माझ्याकडे रडत येऊ नका!"

घरी आले ती पदर खोचूनच. "अहो, बघाच तुम्ही! आठवड्याच्या आत बाटली बंद करून दाखवते!"

आमचे हे, म्हणजे नंदकुमार, पेपरामागून म्हणाले, "मागच्या महिन्यात तू चहातली साखर बंद करणार होतीस."

"ते वेगळं!"

"हो, ते सोपं होतं."

आता एक गोष्ट मी ह्यांनाही सांगितली नव्हती. सकाळी मी ऑफिसला निघते तेव्हा अनू अर्धी झोपेत असते. दिवसभर ती आजीची. संध्याकाळी मी घरात पाऊल टाकते तेव्हा ती शेजारच्या रतनबरोबर खेळण्यात इतकी गुंग, की आई आली काय नि पोस्टमन आला काय! पण बाटली भरली, की स्वारी आपण होऊन माझ्या मांडीवर. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात माझ्या कानाची पाळी. ती पाळी कुरवाळत कुरवाळत सगळं दूध संपवायची. दिवसातला तेवढा वेळ ती माझी! पण दात म्हणजे दात. मन घट्ट केलं आणि कामाला लागले.

पहिला सल्ला शेजारच्या सुलक्षणाचा. "निपलला कारल्याचा रस लाव गं! आमचा रतन एका दिवसात वठणीवर आला. बघ आता, स्टीलच्या ग्लासातून पितो, बापासारखा!"

लावला. अनूने चोखलं. थांबली. भुवया वर गेल्या. मी मनात म्हटलं, झालं, जिंकलो! तर बाईसाहेबांनी निपलवरचा रस चाटून साफ केला नि म्हणाल्या, "आई, अजून!"

कोकणातल्या रक्तापुढे कारल्याची काय बिशाद!

मग ह्यांनी आपलं डोकं चालवलं. "भोक मोठं करू. भसाभस दूध आलं की घाबरून सोडेल." तापवलेल्या दाभणाने असं काही भोक पाडलं, की बाटली उलटी करताच भगीरथाने गंगा आणली! अनू भिजली, उशी भिजली, माझी धुवट साडी भिजली. घाबरायचं सोडून कार्टी टाळ्या पिटत ओरडली, "पाऊस! पाऊस!" सासूबाई नवं निपल घेऊन आल्या आणि ह्यांच्याकडे अशा बघत राहिल्या, की हे न सांगता फरशी पुसायला बसले.

शेवटी मी थाप मारली. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत रोज सकाळी एक कावळा पोळीच्या तुकड्याला येतो. बाटली लपवली आणि म्हटलं, "अगं अनू, काऊ आला नि बाटली घेऊन गेला!"

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. छे! तिने खिडकीकडे बघितलं. मग माझ्याकडे. "काऊने नेली?"

"हो. त्याला हवी होती."

बस! कपातलं दूध उभ्या उभ्या घटाघटा प्यायली, मिशी पुसली आणि गेली धावत रतनकडे. मी मांडी घालून बसलेली ती बसलेलीच. पंगत उठून जावी आणि वाढप्याने मठ्ठ्याचं भांडं घेऊन तसंच उभं राहावं ना, तशी!

आणि बाटली कुठे लपवली, विचारा. माझ्या पर्समध्ये! म्हणजे काय झालं, घरातले डबे सासूबाई उघडतात, माळा हे उघडतात, बाकी जमिनीपासून हात पोचेल तेवढं अनू. उरली पर्स. ती माझ्याबरोबर रोज ऑफिसात यायची. जेवणाच्या सुट्टीत मी हळूच चेन उघडून वास घ्यायचे. आंबूस दूध आणि अनूची पावडर. शेजारच्या टेबलावरच्या जयंतीबाई म्हणाल्याच, "काय गं नलिनी, पर्समध्ये मांजर पाळलंयस का? सारखी डोकावतेस!"

इतपत ठीक होतं. पण पितृपक्ष सुरू होता आणि रविवारी आमच्याकडे म्हाळ होता. सासऱ्यांचा पहिलाच!

सासरे संपानंतर गिरणीतून जे घरी बसले, ते अनूला मांडीवर घेऊनच. मला रजा संपवून कामावर जायचं होतं, पोर बाटलीला तोंड लावेना. सासऱ्यांनी तिला मांडीवर आडवं केलं आणि पाय हलवायला लागले. खटक-खटक, खटक-खटक, मागाच्या तालात! पोर डोळे मिटून प्यायला लागली. ती बाटलीही त्यांनीच आणलेली. पुढे अनू चालायला लागली आणि ते गेले. त्यांच्यानंतर सासूबाई रडताना कोणी पाहिल्या नाहीत. फक्त सासऱ्यांच्या खुर्चीवर आजही कोणाला बसू देत नाहीत.

रविवारी त्या पहाटेपासून चुलीशी. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर, भोपळ्याची भाजी. लालबागहून चुलतसासरे धोंडिरामकाका आले होते आणि आल्यापासून वड्यांचा वास घेऊन गिळत होते. पण नियम म्हणजे नियम: गच्चीवरच्या पानाला कावळा शिवेपर्यंत घरातल्या जित्या माणसाला घास नाही!

पान ठेवलं. माणसं दिसली तर कावळे येत नाहीत म्हणून आम्ही सगळे जिन्याच्या दाराआड, एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत. सुलक्षणाही आली होती, वाळत घातलेली चादर काढायच्या निमित्ताने. अनू खाली रतनबरोबर आहे, असं मी धरून चालले होते.

कावळा आला! पानाजवळ उतरला. दोन उड्या मारल्या. चोच खाली नेली. आणि फडफड! उडाला!

दुसरा आला. उतरला. उडाला!

"ह्येंच्या मनात कायतरी रवला हा," सासूबाई हळूच म्हणाल्या.

धोंडिरामकाका पुढे सरसावले. भुकेने आवाज कापत होता. "धाकूदादा! गावच्या घराची कौलं मी बदलतो! तू काळजी करू नको! जेव!"

कावळा आला. उडाला.

"अगो बाई!" सुलक्षणाने पदर तोंडाला लावला. "धाकूकाका, तुमची छत्री आमच्याकडेच आहे हो! मागच्या पावसाळ्यात नेली होती. आजच देते!"

कावळा आला. उडाला!

आता आमचे हे. घसा खाकरला, हात जोडले, डोळे मिटले. "बाबा, मी उद्यापासून सिगरेट सोडतो."



"नंदू!" सासूबाई गर्रकन वळल्या. "तू सिगरेटी वडतस?"

"सोडली ना आई! आत्ताच सोडली!"

"कदीपासून वडतस?"

वर कावळा आला नि उडाला, पण तिकडे कोणाचं लक्षच नव्हतं. ह्यांची वाट लागली होती!

मग सासूबाईंनी ह्यांना सोडलं आणि दाराच्या फटीतून पानाकडे बघत राहिल्या. माणूस स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीतल्या माणसाशी बोलतो ना, तशा आवाजात म्हणाल्या, "अहो, तुमच्या नातीची बाटली काढून घेतल्यानी, ता तुमका आवडूक नाय. होय ना?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. काकांची तर अशी वळली, की जणू त्यांचे वडे मीच अडवून ठेवलेत!

"नलिनी, जा गो. बाटली घेवन ये."

"आई, डॉक्टर म्हणालेत..."

"डॉक्टराक कावळो शिवाचो नाय हा!"

धावत खाली गेले, पर्समधून बाटली काढली, धावत वर आले. एकटीच गच्चीत शिरले. बाटली पानाशेजारी ठेवली, मान वर केली आणि सुलक्षणाच्या चादरीखाली मला दोन पाय दिसले. अनवाणी, एवढेसे.

चादर बाजूला केली. अनू! कडेवर कपड्यांच्या चिमट्यांची टोपली, मुठीत चिमटे, आणि चेहऱ्यावर हवालदाराचा राग. "काऊ चोर आहे," ती मला कुजबुजत म्हणाली. "माझी बाटली नेली. मी त्याला मारते!"

एवढे दिवस एका शब्दाने बोलली नव्हती पोर. वाट बघत होती!

तेवढ्यात तिला बाटली दिसली. टोपली टाकून धावली आणि बाटली छातीशी धरली. चिमट्यांचा मारा थांबताच टाकीवरचा कावळा सपकन खाली आला नि अख्खा वडा उचलून घेऊन गेला.

"शिवलो! शिवलो!" दाराआडून गलका. काकांनी जिन्याच्या पायऱ्या ज्या वेगाने उतरल्या, त्या वेगाने गिरणीचा भोंगा झाल्यावरही कोणी उतरलं नसेल!

सासूबाई मात्र तिथेच उभ्या होत्या, हात जोडून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बघ गो! ह्येंका नातीचीच काळजी!"

माझ्या हातात गोळा केलेले चिमटे होते. मी मूठ उघडली नाही.

संध्याकाळी सासूबाईंनी स्वतः बाटली भरली. "घे गो बाय, आजोबांनी परत दिल्यानी."

माझी पैज गेली, दात गेले, अब्रू गेली! पण खरं सांगू? मी मांडी घालून आधीच तयार बसले होते. कानातलं काढून ठेवलं होतं, पाळी मोकळी राहावी म्हणून.

अनू आली. मांडीवर बसली. बाटली तोंडाजवळ नेली. आणि थांबली.

"आई, काऊ म्हणजे आजोबा?"

आता सासूबाईंसमोर काय सांगणार! "हो गं."

"आजोबांनी बाटली नेली होती?"

"...हो."

"त्यांना हवी होती?"

"हो."

तिने विचार केला. मग उठली, खिडकीच्या कठड्यावर टाचा उंचावून बाटली नीट उभी ठेवली, मी सवयीने ओट्यावर भरून ठेवलेला कप घेतला आणि दूध पिऊन टाकलं. "आजोबांना दिली," म्हणाली. संपलं!

हे लवंग चघळत बसले होते, दिवसभर दुसरा आधार नव्हता. "मानलं बुवा तुला! आठवड्याच्या आत!"

"मग! म्हटलं नव्हतं?" मी म्हटलं आणि रिकामी मांडी झटकून उठले.

सासूबाई देवापुढे दिवा लावत होत्या. अनू दारापर्यंत गेली, रतनच्या घराकडे निघालेली, आणि काहीतरी राहिल्यासारखी परत आली. खिडकीतल्या बाटलीकडे बघितलं, सासऱ्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. सासूबाईंच्या हातातली काडी तशीच जळत राहिली, कारण पोरीने मला विचारलं,

"आई, आजोबा दूध पिताना कोणाच्या मांडीवर झोपतात?"